जोर चारही चाकांना, पण गाडी थांबवतो तो टायर
हिवाळी टायर निवडण्याचा धडा

टायर, पंक्चर आणि गॅरेजच्या धंद्यात आपले बरेच लोक आहेत. कुणाचा मुलगा, कुणाचा भाऊ नोकरी-धंद्यासाठी कॅनडात गेलेला असतो. तिथे पहिला हिवाळा येण्याआधी कुटुंबासाठी गाडी घेतली जाते. ती पुष्कळदा फोर व्हील ड्राइव्ह असते, म्हणजे इंजिनाचा जोर चारही चाकांना देणारी. मग घरी फोन येतो, ‘‘अब्बा, आपण इतकी वर्षे टायर विकता. फोर व्हील गाडीला वेगळे हिवाळी टायर लागतात का? आणि दोनच घेतले तर चालतील का?’’

आपल्या दुकानात हा माल ठेवावा लागत नाही, म्हणून अनुभवी माणूसही इथे अडतो. प्रश्न मात्र घरातल्या माणसांच्या जिवाचा आणि बऱ्याच पैशांचा आहे. म्हणून हा विषय आम्ही मुळापासून मांडत आहोत.

जोर वेगळा, पकड वेगळी

पहिली गोष्ट पक्की समजून घ्यावी. फोर व्हील ड्राइव्हमुळे गाडी बर्फातून सुटते, चढ चढते, चाक जागच्या जागी फिरत राहत नाही. हा फायदा खरा आहे. पण ब्रेक प्रत्येक गाडीच्या चारही चाकांना असतात, मग ती दोन चाकांच्या जोराची असो की चारच्या. ब्रेक दाबल्यावर इंजिनाचा जोर कामी येत नाही. तेव्हा गाडी थांबते ती फक्त रबर आणि रस्ता यांच्या पकडीवर. वळणावर गाडी रस्ता धरून राहते तीही याच पकडीवर.

ढोबळ हिशेब करून पाहू. गाडीचा वेग ताशी ५० किलोमीटर धरू. कोरड्या डांबरी रस्त्यावर चांगल्या टायरची पकड ०.८ धरली, तर ब्रेक लागल्यापासून गाडी सुमारे १२ मीटरमध्ये थांबते. दाबलेल्या बर्फावर पकड ०.३ धरली, तर सुमारे ३३ मीटर लागतात. तीच पकड ०.२ वर आली, तर सुमारे ४९ मीटर. म्हणजे ०.३ आणि ०.२ यांतला फरक १६ मीटरचा झाला. तेवढ्या अंतरात समोरची गाडी असते किंवा रस्ता ओलांडणारे मूल असते. हा फरक टायर भरून काढतो, गिअरबॉक्स नाही.

धोका असा की फोर व्हील गाडी सहज पळते, म्हणून चालवणाऱ्याला रस्ता निसरडा आहे हे उशिरा कळते. दोन चाकांच्या गाडीला निघतानाच इशारा मिळतो. चार चाकांच्या गाडीला तो बहुधा पहिल्या ब्रेकला मिळतो.

हिवाळी टायर म्हणजे काय?

कोकणातल्या घरात थंडीच्या दिवसांत खोबरेल तेलाची बाटली थिजते. उन्हाळी टायरच्या रबराचेही काहीसे असेच होते. पारा साधारण ७ अंशांच्या खाली गेला की ते कडक होऊ लागते. कडक रबर रस्त्याच्या बारीक खाचखळग्यांत बसत नाही आणि घसरते. हिवाळी टायरचे मिश्रण वेगळे असते. कडाक्याच्या थंडीतही ते मऊ राहते. त्यामुळे बर्फ पडलेला नसला आणि रस्ता नुसता गार असला, तरी हा टायर कामाचा ठरतो.

दुसरा फरक नक्षीत असतो. खोल चरांमध्ये बर्फ दाबला जातो, आणि बर्फावर बर्फ चांगला धरतो. शिवाय नक्षीच्या प्रत्येक ठोकळ्यावर सुरीने पाडल्यासारख्या असंख्य बारीक चिरा असतात. चाक फिरताना त्या उघडतात आणि त्यांच्या कडा बर्फाला धरतात.

हा माल नवा नाही. फिनलंडच्या नोकिया गावातील कारखान्याने १९३४ साली ट्रकसाठी हिवाळी टायर बनवला. १९३६ साली मोटारगाड्यांसाठी ‘हक्कापेलिट्टा’ आणला. ते नाव आजही चालू आहे.

खुणा वाचायला शिका

टायरच्या बाजूवर दोन खुणा आढळतात आणि गिऱ्हाईक त्यांत गोंधळते.

‘एम प्लस एस’ म्हणजे चिखल आणि बर्फ. ही खूण कारखानदार नक्षीवरून स्वतः घालतो. तिच्यासाठी बर्फावरची परीक्षा सक्तीची नव्हती. ‘ऑल सीझन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक टायरांवर ती असते.

दुसरी खूण तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाची पाकळी अशी असते. ती १९९९ साली उत्तर अमेरिकेत आली. ती मिळवायला दाबलेल्या बर्फावर ठरावीक परीक्षा द्यावी लागते आणि ठरवून दिलेल्या नमुना टायरपेक्षा किमान १० टक्के जास्त पकड दाखवावी लागते. घेताना हीच खूण पाहावी. पण उत्तर अमेरिकेतील ही परीक्षा मुख्यतः गाडी पुढे ओढण्याच्या पकडीची आहे. नितळ गोठलेल्या बर्फावर टायर कसा थांबतो, हे ती सांगत नाही. म्हणून ‘ऑल वेदर’ टायरवर ही खूण असली, तरी कडक हिवाळ्याच्या भागात खास हिवाळी टायरच घ्यावा. थंडी सौम्य असेल आणि बर्फ क्वचित पडत असेल, तर ‘ऑल वेदर’वर भागू शकते.

कायदा प्रांताप्रांताचा

कॅनडात एकच नियम नाही. क्वेबेक प्रांतात २००८ च्या हिवाळ्यापासून हिवाळी टायर सक्तीचे आहेत. २०१४ च्या डिसेंबरपासून तिथे डोंगराची खूण असलेले किंवा खिळ्यांचे टायरच मान्य होतात. आता मुदत १ डिसेंबर ते १५ मार्च अशी आहे. ब्रिटिश कोलंबियात ठरावीक महामार्गांवर १ ऑक्टोबरपासून सक्ती असते. तिथे ‘एम प्लस एस’ही चालतो, पण नक्षी किमान ३.५ मिलिमीटर हवी. ओंटारिओत सक्ती नाही, मात्र २०१६ पासून हिवाळी टायर लावणाऱ्याला विमा कंपनीने सवलत द्यावी असा नियम आहे. ती मागून घ्यावी लागते, म्हणून बिल जपून ठेवावे. खिळ्यांचे टायर दक्षिण ओंटारिओत चालत नाहीत. ते घेण्याआधी तिथला नियम विचारावा.

माप कसे पाहावे?

दाराच्या चौकटीवरील पट्टीवर कारखान्याचे माप असते. उदाहरणार्थ, टोयोटा रॅव्ह-फोरच्या बऱ्याच गाड्यांना २२५/६५ आर १७, पुढे १०२ एच असे माप येते. २२५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी. ६५ म्हणजे बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के. १७ म्हणजे इंचांत रिम. १०२ म्हणजे एका टायरला ८५० किलो भार. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग.

हिवाळी टायरला वेगाचे अक्षर थोडे खालचे, म्हणजे टी (ताशी १९० किलोमीटर), चालू शकते. भाराचा आकडा मात्र कमी करू नये, कारण या गाडीत पाच माणसे आणि सामान बसते. रुंद टायर दिसायला भारी, पण मऊ बर्फावर तो तरंगतो. कारखान्याच्या मापाचा, किंवा पुस्तिकेत दिला असल्यास त्याहून अरुंद टायर बरा.

बाजूवर चार आकड्यांची तारीखही असते. ३८२३ म्हणजे २०२३ सालचा ३८ वा आठवडा. ‘स्वस्त माल’ म्हणून वर्षानुवर्षे पडून राहिलेला टायर गळ्यात मारला जातो. आकडे वाचता येणाऱ्याला कोणी फसवू शकत नाही.

दोन नव्हे, चारही

फोनवरच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे. दोन चालत नाहीत. पुढे हिवाळी आणि मागे उन्हाळी टायर असले, तर ब्रेक दाबताच पुढचा भाग धरतो, मागचा घसरतो आणि गाडी गरकन फिरते.

फोर व्हील गाडीत आणखी एक नुकसान आहे. नव्या टायरची नक्षी ८ मिलिमीटर आणि झिजलेल्याची ४ धरा. घेरात सुमारे २५ मिलिमीटरचा फरक पडतो. वरच्या मापाचे नवे चाक एका किलोमीटरला सुमारे ४४० फेरे घेते, तर झिजलेले त्याहून ५ फेरे जास्त. १०० किलोमीटरला ५०० फेरे झाले. हा फरक मधल्या डिफरन्शिअलला किंवा क्लचला सरळ रस्त्यावरही सतत सोसावा लागतो. तो तापतो आणि शेवटी मोठे काम काढतो. दोन टायरचे पैसे वाचवून हा खर्च ओढवून घेणे हा व्यवहार नव्हे. चारही टायर एकाच बनावटीचे, एकाच नक्षीचे आणि सारख्या झिजेचे असावेत.

खर्च आणि देखभाल

चार टायर एकदम घेणे जड वाटते. पण हिवाळी टायर धावतात तेव्हा उन्हाळी टायर विसावतात. दोन्ही संच जास्त वर्षे टिकतात, म्हणून खर्च दुप्पट होत नाही. जमले तर साध्या लोखंडी रिमवर वेगळा संच बसवून घ्यावा. दर मोसमात टायर उतरवण्या-चढवण्याची मजुरी वाचते आणि टायरच्या कडा खराब होत नाहीत. उन्हाळ्यात हिवाळी टायर काढलेच पाहिजेत. गरम रस्त्यावर मऊ रबर लवकर उडते.

हवेकडे विशेष लक्ष द्यावे. तापमान ५-६ अंशांनी उतरले की हवा सुमारे १ पाउंड कमी होते. २० अंशांच्या गॅरेजमध्ये भरलेले ३३ पाउंड बाहेर उणे २० मध्ये २६-२७ वर येतात. म्हणून हवा थंड टायरवर तपासावी. चाके बदलल्यावर १०० किलोमीटरच्या आत नट पुन्हा कसून घ्यावेत. नक्षी ४ मिलिमीटरच्या आसपास आली, की तो टायर बर्फाच्या रस्त्यावर वापरू नये, असा कॅनडाच्या परिवहन खात्याचा सल्ला आहे.

आपल्याकडे काय?

टंगमर्गहून गुलमर्गला किंवा मनालीच्या वर, बर्फ पडल्यावर अनेकदा फोर-बाय-फोर किंवा साखळ्या लावलेल्या गाड्याच सोडतात. टुरिस्ट गाड्यांच्या धंद्यातील बांधवांनी ध्यानात ठेवावे, की नाक्यावरून गाडी सोडली म्हणजे उतारावर ती थांबेल अशी हमी मिळाली नाही. झिजलेल्या टायरच्या फोर-बाय-फोरलाही उतारावर साखळी हवी.

धंद्याच्या दृष्टीनेही हा माल आपल्याला परका राहिलेला नाही. आपल्या देशातील अपोलो टायर्सने २००९ साली हिवाळी टायर बनवणारी हॉलंडची व्रेडेस्टाइन कंपनी विकत घेतली. आपल्या कारागिरांनी या टायरची विद्या शिकून घ्यावी. परदेशी नोकरी शोधणाऱ्या तरुण फिटरला ती उपयोगी पडेल.

तेव्हा पुन्हा फोन आला, तर आपण चार प्रश्न विचारावेत. डोंगराची खूण आहे का? भाराचा आकडा बरोबर आहे का? तारीख कोणती? आणि टायर चारही एकसारखे आहेत का? चारही उत्तरे बरोबर आली, तरच पैसे मोजायला सांगावे.