'कमी' आणि 'कमी नाही'

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पाटस हे स्थानक आहे. एक माता आपल्या तीन मुलांसह तेथून पुण्यास निघाली आहे, अशी कल्पना करावी. थोरल्या मुलाला आजच बारा वर्षे पूर्ण झाली. मधल्या मुलीला आजच पाच पूर्ण झाली. धाकटा चार वर्षांचा आहे.

रेल्वेचा नियम असा आहे : पाच वर्षांखालील मुलास तिकीट लागत नाही. पाच वर्षे पूर्ण झालेल्या, परंतु बारा वर्षांहून कमी वयाच्या मुलास अनारक्षित डब्यात अर्धे भाडे पडते. त्यापुढे पूर्ण भाडे. धाकट्याचा निर्णय तत्काळ लागतो. विचार करावा लागतो तो इतर दोघांचा. कारण त्यांची वये अगदी सीमेवर उभी आहेत.

वयाची वर्षे 'व' या अक्षराने दर्शविली, म्हणजे नियमाचे तीन भाग असे लिहिता येतात :

तिकीट नाही : व < ५
अर्धे भाडे : ५ ≤ व < १२
पूर्ण भाडे : व ≥ १२

अशा मांडणीला 'असमानता' म्हणतात. चिन्हाचे टोक लहान संख्येकडे व उघडी बाजू मोठ्या संख्येकडे असते. चिन्हाखाली रेघ असली, तर 'किंवा तितकेच' असाही अर्थ होतो. म्हणून मुलीला अर्धे आणि थोरल्याला पूर्ण भाडे पडेल. '<' आणि '>' ही चिन्हे टॉमस हॅरियट या इंग्रज गणितज्ञाच्या ग्रंथात आढळतात. तो ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, १६३१ मध्ये प्रसिद्ध झाला.

शब्दांचे चिन्हांत रूपांतर करताना कानांवर विसंबून चालत नाही. 'कमीत कमी दहा' यात 'कमी' हा शब्द दोनदा येतो. तरी चिन्ह मात्र '≥' हेच. 'किमान' आणि 'निदान' यांचेही तसेच. उलट 'जास्तीत जास्त' आणि 'कमाल' यांना '≤' हे चिन्ह लागते. 'कमी नाही' याचा अर्थ केवळ 'अधिक' असा नव्हे. जे कमी नाही, ते अधिक असेल अथवा तितकेच असेल.

हा भेद क्षुल्लक नाही. मतदाराचे वय ठरलेल्या तारखेस अठरा वर्षांपेक्षा कमी नसावे, असे भारताचे संविधान सांगते. (१९८९ पूर्वी ही मर्यादा एकवीस वर्षांची होती.) हा नियम व ≥ १८ असा लिहावा लागतो. तो व > १८ असा लिहिला, तर नेमकी त्याच दिवशी अठरा वर्षे पूर्ण करणारी तरुणी मतदानास मुकेल. एवढ्याशा रेघेत एका नागरिकाचा हक्क सामावलेला आहे.

स्वाध्याय

१. पुढील विधाने चिन्हांत लिहा :
(अ) ग्रामपंचायतीच्या उमेदवाराचे वय २१ वर्षांपेक्षा कमी नसावे.
(आ) दुचाकीवर चालकासह दोघांपेक्षा अधिक माणसे बसू नयेत.
२. 'कमीत कमी' या शब्दांना '≥' हे चिन्ह का लागते, ते दोन वाक्यांत सांगा.
३. आपल्या गावातील एखाद्या फलकावरील नियम लिहून घ्या. त्यात सीमेवरची संख्या समाविष्ट आहे की नाही, ते ठरवा.