बॉयलरपासून मान्सूनपर्यंत

प्रश्न : मी मेकॅनिकल इंजिनिअर. सहा वर्षं टॉवेलच्या डाइंग युनिटमध्ये बॉयलर आणि पाणी बघतोय. उद्योगांची शाश्वतता आणि पृथ्वीप्रणाली यांवर संशोधन करायचंय. उशीर झाला का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : उशीर कसला! तुमच्या डाइंगचंच घ्या. सुती टॉवेलवर रिअ‍ॅक्टिव्ह रंग चढावा म्हणून पाण्यात पोत्यांनी मीठ पडतं. धाग्यात ते राहत नाही, सांडपाण्यात उतरतं. आणि जैविक प्रक्रियेनं विरघळलेलं मीठ निघत नाही. त्यासाठी आरओ लागतो, आरओला वीज लागते, वीज बहुतांशी कोळशाची. हा गुंता म्हणजेच तुमचा विषय. मीठ किती, वाफ किती, कंडेन्सेट किती परत येतं, याची वही आजच घाला.

पृथ्वीप्रणालीची बाजू कच्ची असेल, पण परकी नाही. द्रवगतिकी आणि उष्मागतिकी तुम्ही शिकलाच आहात. वातावरणाची समीकरणं त्यांचीच भावंडं. याच पायावर पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं पृथ्वीप्रणालीचं प्रारूप बांधलं. कृत्रिम पावसाचा २०१८-१९ चा प्रयोगही याच संस्थेचा, आणि तो आपल्या सोलापुरात झाला.

गेट द्या, पायथन शिका. मुंबई आयआयटीत हवामान अभ्यासाची पीएचडी आहे. नोकरी मात्र प्रवेश हातात पडेपर्यंत सोडू नका. गाईडला पहिलं पत्र लिहाल तेव्हा ‘पर्यावरणाची आवड आहे’ हे वाक्य टाळा. एक टँकर पाणी युनिटमध्ये शिरून बाहेर पडेपर्यंत त्याचं काय होतं, तेवढं एका पानात लिहा.