वांकलेला कणा व शस्त्रवैद्य

आपल्या पाठीचा कणा मागून पाहिला असतां सरळ रेषेंत दिसतो. परंतु कांहीं मुलामुलींचा कणा वाढीच्या वयांत एका बाजूस वांकूं लागतो व मणके त्याबरोबर पिळतात. या विकारास स्कोलिओसिस म्हणतात. बहुतेकांत त्याचें कारण सांपडत नाहीं. पोंक काढून बसल्यामुळें किंवा दप्तराच्या ओझ्यामुळें तो होतो ही समजूत चुकीची आहे; तेव्हां मुलास बोल लावणें अन्यायाचें होय.

प्रत्येक वांकड्या कण्यावर शस्त्रक्रिया करावी लागते असें मात्र नाहीं. क्ष-किरणांच्या चित्रावरून बाक अंशांत मोजतात. ही रीत न्यूयॉर्कचे डॉ. जॉन कॉब यांनीं १९४८ सालीं मांडली. बाक सौम्य असल्यास केवळ लक्ष ठेवितात. वाढत्या मुलाचा बाक २५ ते ४० अंश असल्यास अंगावर घट्ट पट्टा बांधून तो रोखण्याचा यत्न करितात. सुमारें ५० अंशांपलीकडे गेलेला बाक वाढीचें वय संपल्यावरही वाढत राहण्याचा संभव असतो. म्हणून तेथें बहुधा शस्त्रक्रियेचा सल्ला देतात.

तिचें तत्त्व आपणांस परिचयाचें आहे. मोडलेलें हाड जसें सांधतें, तसे वांकलेल्या भागांतील मणके सांधून त्यांचें एकच हाड करावयाचें. न्यूयॉर्कचे डॉ. रसेल हिब्ज यांनीं १९१४ सालीं या विकारावर हा उपाय योजिला. त्या काळीं रोग्यास कित्येक महिने प्लॅस्टरमध्यें पडून राहावें लागे. पुढें अमेरिकेंतील ह्यूस्टन शहरीं डॉ. पॉल हॅरिंग्टन यांच्याकडे पोलिओनें कणा वांकलेलीं मुलें येत. त्यांच्यासाठीं त्यांनीं पोलादी सळई योजिली व १९६२ सालीं आपला अनुभव प्रसिद्ध केला. आज मणक्यांत स्क्रू बसवून दोन्ही बाजूंस सळया जोडतात, कणा शक्य तितका सरळ करितात व वर हाडाचे बारीक तुकडे पसरतात. सळई आधारापुरती असते; कायमचा सांधा हाडाचाच होतो. मज्जारज्जूस इजा होऊं नये म्हणून विजेच्या सूक्ष्म संकेतांनीं त्याची परीक्षा चालू ठेवितात. तरीही थोडा धोका उरतोच, आणि सांधलेला भाग पुढें लवत नाहीं.

म्हणून वेळीं पाहणें हिताचें. लंडनचे विल्यम ॲडम्स यांनीं १८६५ सालीं सांगितलेली परीक्षा घरींही करतां येते. मुलास पाय जुळवून, हात खालीं सोडून पुढें वांकावयास सांगावें. पाठीची एक बाजू उंच दिसल्यास डॉक्टरांस दाखवावें. कित्येक मुलें लाजेनें सैल कपड्यांखालीं हें व्यंग लपवितात. आईवडिलांस तें सांगण्यांत कांहीं कमीपणा नाहीं, एवढेंच आम्हांस त्यांस सांगावयाचें आहे.