शब्दविचार : आवर्त

‘वृत्’ या धातूस ‘आ’ उपसर्ग लागून ‘आवर्त’ शब्द सिद्ध होतो. वाटोळे फिरणे, फिरून येणे हा त्याचा मूलार्थ. पाण्यातील भोवरा हा रूढार्थ असला तरी शास्त्रात तेवढ्यावर भागत नाही. काय फिरते आणि कोणत्या दिशेने, हे प्रत्येक स्थळी पाहावे लागते.

शारीर : सुश्रुतांनी योनी शंखनाभीच्या आकाराची व त्र्यावर्ता सांगितली आहे. येथे आवर्त म्हणजे शंखासारखा वेढा. १०७ मर्मांपैकी ‘आवर्त’ नावाची दोन मर्मे भुवयांच्या वरील खोलगट भागी असून तेथील आघाताने अंधत्व किंवा दृष्ट्युपघात होतो. भोवऱ्याची खळगी आठवल्यास हे स्थान सहसा विसरत नाही.

निदान : ‘उदावर्त’ शब्दात ‘उत्’ म्हणजे वर. वेगधारणाने अवरुद्ध झालेला वायू आपला मार्ग सोडून उलट फिरतो. सुश्रुतांनी उत्तरतंत्राच्या ५५ व्या अध्यायात वेगधारणजन्य उदावर्त १३ सांगितले आहेत. दिशा ध्यानात आली की वातानुलोमन हे चिकित्सासूत्र आपोआप हाती येते. चरकोक्त उदावर्तिनी योनिव्यापदेत आर्तव बाहेर पडताच वेदना शमते, त्याचेही मर्म हेच.

भैषज्यकल्पना : ‘क्षीरबला १०१ आवर्ती’ यातील आवर्त म्हणजे पुनःपाक. सिद्ध झालेल्या त्याच तैलात दर वेळी नवा कल्क व नवा द्रव घालून पुन्हा पाक करणे म्हणजे एक आवर्तन. एकाच पाकात कल्काचे प्रमाण वाढवून ही संख्या भरून निघत नाही. वेष्टनावरील अंक हे रुग्णाला दिलेले वचन आहे, हे औषधनिर्मात्यांनी विसरू नये.

द्रव्य : खरी सावधगिरी येथे हवी. आवर्तनी म्हणजे मुरुडशेंग (हेलिक्टेरिस आयसोरा). पिळलेल्या दोरीसारखे फळ, उपयोग उदरशूल, अतिसार व प्रवाहिकेत. आवर्तकी म्हणजे तरवड (सेन्ना ऑरिक्युलाटा). पिवळी फुले, चपटी शेंग, उपयोग प्रमेहात. नावांत फरक एकाच अक्षराचा, परंतु घाईच्या हस्ताक्षरात ‘क’ आणि ‘न’ यांची अदलाबदल झाली तर मुरड्याच्या रुग्णाला प्रमेहाचे द्रव्य जाते.

म्हणून वैद्यांनी चिठ्ठीवर संस्कृत नावाशेजारी मुरुडशेंग किंवा तरवड असे लोकनाम व उपयुक्तांग अवश्य लिहावे. शंका आल्यास दुकानदारांनी पुडी बांधण्यापूर्वी वैद्यांना विचारावे. त्यात कमीपणा नाही.