पट्ट्यावरचा कुत्रा दुसऱ्यावर का भुंकतो?

प्रश्न : फिरताना दुसरा कुत्रा दिसताच पाळीव कुत्रा पट्टा ताणून भुंकत असेल, तर त्याला ओरडावे का?

उत्तर : मुळीच नाही. हे भुंकणे बहुधा भीतीपोटी असते, कारण पट्ट्यामुळे पळण्याची वाट बंद झालेला कुत्रा समोरच्याला दूर ठेवण्यासाठी आवाज चढवतो; त्या क्षणी पट्ट्याला हिसका दिल्यास दुसरा कुत्रा आणि वेदना यांची सांगड त्याच्या मनात पक्की बसते. म्हणून ज्या अंतरावरून दुसऱ्याला पाहूनही तो खाऊ घेऊ शकतो, तेथेच थांबावे, दुसरा दिसताच उकडलेल्या चिकनचा बारीक तुकडा द्यावा आणि तो नजरेआड होताच देणे थांबवावे. भीतीच्या जागी सुखद अपेक्षा रुजवणाऱ्या या पद्धतीला प्रति-अभिसंधान म्हणतात. अंग ताठरले, तोंड घट्ट मिटले, तर लगेच अंतर वाढवावे. वागणूक अचानक बदलली असल्यास मात्र आधी पशुवैद्यकाकडून एखादे दुखणे नाही ना, हे तपासून घ्यावे.