कुत्र्याच्या तोंडी काय द्यावे?

रायगडाच्या पायथ्याचे पाचाड हे आमचे गाव. १६७४ साली राज्याभिषेकाचा सोहळा डोळे भरून पाहिल्यावर थोड्याच दिवसांत राजमाता जिजाबाईंनी याच गावी देह ठेविला. त्यांच्या समाधीचे दर्शन घेऊन लोक पुढे गडावर जातात. गडावर महाराजांच्या समाधीजवळ एका उंच चौथऱ्यावर कुत्र्याची मूर्ती आहे. तिच्यापाशी उभी राहून मुले आपल्या वडील माणसांस हटकून विचारतात, "हा कुत्रा कोणाचा?" मग त्यांस वाघ्याची गोष्ट सांगितली जाते. आपल्या स्वामीच्या जळत्या चितेत त्याने उडी घेतली, अशी ती गोष्ट आहे. मूर्ती १९३६ साली बसविली गेली. गोष्टीस त्या काळच्या कागदपत्रांत आधार सापडत नाही, आणि मूर्ती तेथे असावी की नसावी याविषयी वादही झालेले आहेत. साताऱ्याजवळ संगम माहुलीस शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी दाखवितात, हेही पुष्कळांस ठाऊक असेल.

आज आम्हास त्या वादात शिरावयाचे नाही. कुत्रा मनुष्याशी इमान राखतो, हे आपण सारेच मानतो. परंतु मनुष्य कुत्र्याशी इमान कसे राखतो, हा प्रश्न आपण स्वतःस क्वचितच विचारतो. तो प्रश्न आमच्यापुढे फार उशिरा आला, आणि एका मुक्या जिवाने त्याचे मोल दिले.

आमच्या घरी मोत्या नावाचा कुत्रा होता. जातिवंत नव्हे, गावातलाच, तांबूस रंगाचा, कान अर्धे पडलेले. मुलांबरोबर तो शाळेच्या रस्त्यापर्यंत जाई आणि सायंकाळी त्यांची वाट पाहत अंगणात बसे. एके रात्री पाहुणे आले म्हणून घरी कोंबडी शिजली. जेवणे उरकल्यावर ताटांतील सारी हाडे आम्ही स्वतःच्या हाताने त्याच्यापुढे टाकिली. त्याने ती कुडकुड फोडून खाल्ली, तेव्हा आम्हास केवढे समाधान वाटले! दुसऱ्या दिवशी त्याने भाकरीस तोंड लाविले नाही. त्याला उलट्या होऊ लागल्या. पाठ कमानीसारखी करून तो कोपऱ्यात उभा राही. "पोट बिघडले असेल, उद्या बरा होईल" असे म्हणून आम्ही त्यास चमचाभर तेल पाजिले आणि दोन दिवस घालविले. तिसऱ्या दिवशी महाडास पशुवैद्याकडे नेले, तोवर हाडाच्या टोकाने आतडे फाटून विष अंगात भिनले होते. त्या रात्री मोत्या गेला. धाकट्या मुलाने विचारले, "आपणच दिले ना त्याला?" या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. हा लेख म्हणजे त्या उत्तराचाच प्रयत्न समजावा.

प्रथम कुत्रा चावतो का, हे पाहू. कुत्र्याच्या पिल्लास २८ दुधाचे दात असतात. सुमारे चौथ्या महिन्यापासून ते पडू लागतात व सहासात महिन्यांचे होईतो त्यांच्या जागी ४२ कायमचे दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात, म्हणून पिल्लू चपला, दोऱ्या, पाटाचे पाय, जे सापडेल ते कुरतडते. मोठेपणीही चावण्याने त्याचा वेळ जातो, मन शांत राहते आणि दातांवरील कीटही काही अंशी निघते. तेव्हा चावणे ही खोडी नसून त्याची गरज आहे. ती मारून मोडू नये, योग्य वस्तू देऊन भागवावी. परंतु एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गाय जबडा आडवा फिरवून रवंथ करिते, तसे कुत्र्यास करिता येत नाही. त्याचा जबडा कात्रीप्रमाणे वरखालीच हलतो. तो तुकडा पाडतो आणि गिळून टाकितो. म्हणून आपण दिलेल्या वस्तूचा तुकडा कसा पडेल, यावर त्याचा जीव अवलंबून असतो.

आता हाडाकडे वळू. विद्यार्थिमित्रांनी पुढील प्रयोग वडील माणसांच्या देखरेखीखाली करून पाहावा. कोंबडीच्या तंगडीचे एक स्वच्छ हाड काही दिवस शिरक्यात बुडवून ठेवावे. शिरक्यातील आम्लाने हाडातील चुन्याचा अंश विरघळतो आणि हाड रबरासारखे वाकू लागते. दुसरे हाड विस्तवात चांगले भाजावे. ते बोटाने दाबताच तडकते. यावरून हाडात दोन द्रव्ये असल्याचे कळते. चुन्याच्या अंशाने त्यास कठीणपणा येतो आणि कोलॅजेन नावाच्या चिवट द्रव्याने लवचिकपणा. उष्णतेने हा चिवट अंश बिघडतो. म्हणून शिजविलेले वा भाजलेले हाड चावताच त्याचे सुईसारखे टोकदार तुकडे होतात. पक्ष्यांची हाडे पातळ व पुष्कळशी पोकळ असल्याने त्यांचा धोका अधिक. माशाचे काटेही घशात रुततात. "रानातले कुत्रे हाडे खात नाहीत काय?" असे कोणी विचारील. खातात, परंतु रानात चूल नसते.

मग कच्चे हाड निर्धास्त द्यावे काय? तेही नाही. ते तितके तडकत नसले तरी त्यावर रोगजंतू असू शकतात, आणि जनावराच्या मांडीचे टणक हाड चावताना कुत्र्याची वरची मोठी दाढ चिरते. दाढेचा पापुद्रा निघून आतील नस उघडी पडते. कुत्रा बोलत नाही. तो एका बाजूने खाऊ लागतो, एवढेच आपणास दिसते, आणि तेही लक्ष असेल तर.

हल्ली शहरांतून कुत्र्यांसाठी चघळण्याच्या नाना वस्तू मिळतात, आणि मुंबईपुण्याचे आप्त सुटीत येताना त्या कौतुकाने आणितात. वेष्टनावर कुत्र्याचे चित्र छापलेले असले म्हणजे वस्तू निर्धोक, असे मात्र समजू नये. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ साली जाहीर केलेल्या माहितीप्रमाणे, दुकानांत विकल्या जाणाऱ्या भाजलेल्या व धुरावलेल्या हाडांमुळे सुमारे ९० कुत्रे आजारी पडल्याच्या तक्रारी त्याच्याकडे आल्या होत्या. त्यांतील १५ कुत्रे दगावले होते. २०१९ साली त्याच देशात डुकराच्या वाळविलेल्या कानांचा खाऊ हाताळल्याने साल्मोनेला जंतूंची बाधा अनेक माणसांस झाली. म्हणजे कुत्र्याच्या खाऊपासून घरातील मुलांसही भय असते.

या वस्तूंत कच्च्या चामड्याची हाडे विशेष खपतात. त्यांस 'रॉहाइड' म्हणतात. जनावराच्या कातड्याचा आतला थर चुन्याच्या निवळीत केस काढून, धुऊन, वाळवून, त्यास गाठी मारून ती बनवितात. लाळेने भिजताच हे चामडे फुगते व बुळबुळीत होते. कुत्र्याने त्याचा लचका गिळला तर तो घशात अडकतो किंवा आतड्यात बूच बसावे तसा बसतो. मग पोट कापून काढण्यावाचून पुष्कळदा इलाज राहत नाही. हरणाची शिंगे, गुरांचे खूर आणि हिमालयातील याकच्या किंवा गाईच्या दुधापासून केलेली वाळकी छुर्पी या वस्तूंत फुगण्याचे भय नसले, तरी त्या दगडासारख्या टणक असतात आणि दाढ चिरण्याचे भय त्यांत आहेच. छुर्पीचा शेवटचा लहान तुकडा तर बेताबेताने नव्हे, एकदमच गिळला जातो. काही गोड पदार्थांत साखरेऐवजी झायलिटॉल घातलेले असते. माणसास ते चालते. कुत्र्याच्या रक्तातील साखर त्याने एकाएकी खाली येते व जीव जाऊ शकतो. चघळण्याचा गोंद म्हणजे च्युइंगम कुत्र्यापासून दूर ठेवावा तो याचसाठी. चॉकलेट, कांदा व द्राक्षे हीही त्यास विषासमान होत.

तर मग द्यावे काय? आम्ही चार कसोट्या सुचवितो.

पहिली कसोटी नखाची. वस्तूवर अंगठ्याचे नख जोराने दाबावे. किंचितही खूण उमटली नाही, तर ती दातांस फार कठीण आहे. दुसरी कसोटी मापाची. कुत्र्यास सबंध गिळता येईल एवढी लहान वस्तू देऊ नये. चावून चावून ती घासाएवढी उरली की काढून घ्यावी. तिसरी कसोटी तुकड्याची. टोकदार ढलपे निघतात किंवा चिवट लचके सुटतात, ती वस्तू बाद समजावी. चौथी आणि सर्वांत महत्त्वाची कसोटी डोळ्यांची. कुत्रा चावत असेल तोवर कोणीतरी जवळ असावे. त्याच्यापुढे वस्तू टाकून घराची माणसे शेतावर निघून गेली, असे होऊ नये. कुत्र्याच्या आकाराजोगे जाड, दाबले असता दबणारे रबरी खेळणे या कसोट्यांस उतरते. मोठे गाजरही चालते. मात्र कुत्रा अधाशी असल्यास ते बारीक चिरून द्यावे. खाऊ दिल्यावर साबणाने हात धुवावेत.

सावधगिरी बाळगूनही अपघात होतो. वारंवार उलट्या, अन्नावरील वासना जाणे, पाठ कमानीसारखी होणे, कुंथणे, शौचावाटे रक्त, तोंडातून सारखी लाळ गळणे, पंजाने तोंड ओरबाडणे, यांपैकी एकही लक्षण दिसताच त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. आपल्या मनाने उलटी करवू नये. टोकदार हाड वर येताना घसाही फाडते. तेल पाजू नये. गुदद्वारातून दोरी वा चामडे लोंबत असल्यास ओढू नये. काय खाल्ले, किती व केव्हा, हे वैद्यास खरे सांगावे; लाजेपायी लपवू नये. महाड पाचाडापासून सुमारे पंचवीस किलोमीटरांवर आहे. हे अंतर फार नाही. आम्हास ते दोन दिवस फार वाटले, हाच आमचा अपराध.

शेवटी एक विनंती. १९९६ साली रायगडास रज्जुमार्ग झाल्यापासून येथे येणाऱ्यांची गर्दी पुष्कळ वाढली आहे. खानावळींच्या मागे उष्टी हाडे पडतात आणि गावची कुत्री त्यांवर तुटून पडतात. टाकणाऱ्यांस तो भूतदयेचा प्रकार वाटतो. आमच्या विद्यार्थ्यांनी आपापल्या घरापासून आरंभ करावा. ताटातील हाडे गोळा करून खोल खड्ड्यात पुरावीत, वर दगड ठेवावा आणि कुत्र्यास भाकरीचा तुकडा वेगळा काढावा. पालकांनी यासाठी मुलांस हसू नये.

जनावराला जे आवडते ते त्याच्या हिताचे असतेच असे नाही. आणि त्याला काही देताना आपणास आनंद वाटला, एवढ्यावरून आपण त्याचे भले केले असेही ठरत नाही. वाघ्याची गोष्ट खरी असो वा नसो, आपल्या अंगणातील कुत्रा आपण टाकिलेला घास विश्वासाने खातो, हे तर खरे आहे. तो घास पारखून घेत नाही. ती पारख आपण करावयाची आहे.