सूक्ष्मजीव आणि मोठा हप्ता

बायोलॉजी आवडतं, ‘नीट’ला मार्क कमी पडले, म्हणून मायक्रोबायोलॉजी. ॲडमिशनच्या दिवसांत कॉलेजच्या ऑफिसबाहेर ताटकळणाऱ्या निम्म्या घरांची गोष्ट एवढीच असते. कोविडमध्ये लस, आरटीपीसीआर हे शब्द घरोघरी पोहोचले, त्यामुळे विषयाचं वजनही वाढलं. मग एखादा मामा विचारतो, “पुढे काय?” त्याही आधी विचारायचा प्रश्न मात्र थेट बँकेच्या टेबलावर निघतो: कर्ज किती काढायचं?

याचं उत्तर फीच्या पावतीत नाही, पहिल्या पगारात आहे.

बी.एस्सी. झालेल्या अनेकांची पहिली नोकरी औषध कंपनीच्या क्यूसी (गुणवत्ता नियंत्रण) मायक्रो विभागात असते. तारापूर, वाळूज, कुरकुंभ, गोव्यातलं वेर्णा, कुठेही जा, दिवस साधारण सारखाच. गाऊन, मास्क, ग्लव्हज चढवून क्लीन रूममध्ये जायचं, अगारच्या प्लेट ठरल्या जागी उघड्या ठेवायच्या, ठरल्या वेळी झाकून उचलायच्या, इन्क्युबेटरमध्ये लावायच्या आणि काही दिवसांनी त्यांवर वाढलेल्या जंतूंच्या कॉलनी मोजून आकडा लिहायचा. नोंदीत खाडाखोड चालत नाही. चुकलं तर एक रेघ, शेजारी सही आणि तारीख. १२१ अंशांवर लावलेल्या ऑटोक्लेव्हकडे लक्ष ठेवायचं. रात्रपाळी आलीच. एवढं करून नवख्याच्या हातात साधारण १५ ते २० हजार पडतात. एम.एस्सी.ला थोडे जास्त, आणि हा ‘थोडे’ शब्द पालकांनी अधोरेखित करावा. प्लेट मोजणाऱ्याची डिग्री किती लाखांची, हे कंपनी विचारत नाही.

डिग्रीच्या किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक आहे. अनुदानित कॉलेजात वर्षाची फी काही हजारांत भागते. विनाअनुदानित तुकडीत ती वाढते आणि खाजगी विद्यापीठात लाखाच्या घरात जाते. काचेची इमारत, वातानुकूलित प्रयोगशाळा, ब्रोशरवर सूक्ष्मदर्शकातून बघणारी हसरी मुलगी, हे सगळं त्या फीत येतं.

एक हिशेब मांडू. खाजगी विद्यापीठातल्या दोन वर्षांच्या एम.एस्सी.साठी दरवर्षी अडीच लाख, म्हणजे एकूण ५ लाखांचं कर्ज घेतलं. व्याज १० टक्के धरू. शिक्षणाची दोन वर्षं आणि त्यापुढचं एक वर्ष हप्ता नाही, पण व्याजाचं मीटर चालू असतं. सरळ व्याजाने तीन वर्षांत १ लाख २५ हजार होतात आणि ते मुद्दलात जाऊन बसतात. आता कर्ज सव्वासहा लाखांचं. सात वर्षांत फेडायचं तर हप्ता सुमारे १०,४००, दहा वर्षांत सुमारे ८,२६०. पंधरा वर्षं घेतली तर हप्ता ६,७००वर येतो, पण एकूण भरणा १२ लाखांवर जातो. वीस हजार पगारातून सव्वाआठ हजार गेल्यावर खोलीभाडं, डबा आणि गावी जायचं तिकीट यांना पावणेबारा उरतात. म्हणजे हप्ता पगारातून जातो आणि मुलाचा खर्च पुन्हा बापाच्या खिशातून.

मग हा विषय घेऊच नये का? तसं नाही. यात पैसा उशिरा येतो, म्हणून सुरुवात स्वस्तात करावी. औषधांच्या चाचण्यांची जबाबदारी घ्यायला अन्न व औषध प्रशासनाने मान्य केलेला माणूस लागतो. नोकरीच्या जाहिरातींत ‘एफडीए अप्रूव्ड मायक्रोबायोलॉजिस्ट’ असं लिहिलेलं असतं, ते हेच. काही वर्षांच्या अनुभवानंतर ही मान्यता मिळाली की पगाराची बोलणी वेगळ्या सुरात होतात. अन्न सुरक्षा अधिकारी पदाला मायक्रोबायोलॉजीची पदवी चालते. एम.एस्सी. आणि अन्नविश्लेषणाचा तीन वर्षांचा अनुभव असेल, तर फूड ॲनालिस्टची परीक्षाही देता येते. संशोधनाची ओढ असेल तर नेट-जेआरएफची पाठ्यवृत्ती: २०२३पासून महिना ३७,००० रुपये आणि वर घरभाडं. तेही पीएच.डी. करताना. जॅम किंवा गॅट-बी या प्रवेशपरीक्षांतून सरकारी संस्थेत एम.एस्सी. मिळाली, तर वरच्या हिशेबाची गरजच बहुधा पडत नाही. कर्ज काढून क्लास लावायचाच असेल तर तो या परीक्षांचा लावावा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

“एम.एस्सी. झाल्यावर स्वतःची पॅथॉलॉजी लॅब टाकू,” हे वाक्य मात्र कर्जाच्या गणितातून वजा करा. तपासणीच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीतल्या पदव्युत्तर नोंदणीकृत डॉक्टरची सही हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७मध्ये सांगितलं. नुसत्या एम.एस्सी.च्या भरवशावर लॅब काढता येत नाही.

कॉलेज निवडताना ‘हायेस्ट पॅकेज’चा फलक बाजूला ठेवून विभागप्रमुखांना भेटावं. गेल्या तीन बॅचची मुलं कुठे लागली आणि हातात किती येतात, एवढंच विचारावं. उत्तर गुळमुळीत आलं, तर तेही उत्तरच.

आणि कर्ज काढावंच लागलं तर? ४ लाखांपर्यंत बँका सहसा तारण मागत नाहीत. कोर्स तेवढ्यात बसतो का ते पाहावं. शिकत असतानाच व्याज भरत गेलं तर काही बँका दरात एक टक्का सवलत देतात, मॅनेजरला आठवण करून द्यावी लागते इतकंच. वरच्या उदाहरणात पहिल्या वर्षी हे व्याज महिना २,०८३ रुपये होतं, दुसऱ्या वर्षापासून ४,१६७. ते वेळच्या वेळी गेलं की सव्वा लाख मुद्दलात चढत नाहीत आणि दहा वर्षांचा हप्ता ८,२६० ऐवजी ६,६००च्या आसपास बसतो.